पोटगीचा आकडा येतो कुठून?



मी नोएडातून बोलतेय. मूळची अकोल्याची. २००९ साली लग्न होऊन इकडे आले आणि इथेच राहिले. लग्न टिकलं नाही, नोएडा मात्र टिकलं. मी वकील नाही, हे आधीच सांगते. एका ऑफिसात हिशेब बघायचं काम करते. दिवसभर लोकांच्या खर्चाचे आकडे जुळवते आणि स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या हिशेबात चुकले. त्या चुकीची किंमत होती तीन लाख नव्वद हजार रुपये. आज तेच सांगायला बसलेय, म्हणजे तुमच्यापैकी कुणाची तरी ती चूक टळेल.

झालं असं. २०१९ च्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा वकिलांकडे गेले. आमचं, म्हणजे गौतम बुद्ध नगरचं, जिल्हा न्यायालय सूरजपूरला आहे. वकील भले गृहस्थ होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, बच्ची का महीने का खर्चा कितना है?"

मी गप्प. खरंच माहीत नव्हतं. घर चालत होतं, फी भरली जात होती, पण मुलीला महिन्याला किती लागतात हे कधी लिहून काढलंच नव्हतं. वर मनात संकोच. जास्त सांगितलं तर लोभी वाटेन. अकोल्याहून दादाचा रोज फोन, "कशाला मागतेस त्याच्याकडे? आम्ही आहोत ना." मी म्हटलं, "पंधरा हजार लिहा." अंदाजपंचे. तेच अर्जात गेलं. पुढे मुलीसाठी अंतरिम पोटगी मंजूर झाली दहा हजार. मागणीच पंधराची, तर त्याहून जास्त कोण देणार?

मुलीचा खरा खर्च किती होता, ते पुढे सांगते. आधी कायदा काय म्हणतो ते बघू.

पोटगी म्हटलं की आपल्याला पोटच दिसतं. दोन वेळचं जेवण. इकडे हिंदीत 'गुजारा भत्ता' म्हणतात, त्यातही कसाबसा गुजारा. कायद्याचा अर्थ मात्र मोठा आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यात व्याख्या दिलीय: अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार. म्हणजे शाळेची फी ही पोटगी आहे. घरभाड्यातला मुलाचा वाटा ही पोटगी आहे. चष्मा, दाताची तार, हेही त्यात येतं.

मागायची दारंही एकापेक्षा जास्त आहेत. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ खटला चालू असतानाच्या पोटगीसाठी, कलम २५ कायमस्वरूपी पोटगीसाठी, कलम २६ मुलांसाठी. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये वेगळी तरतूद आहे. आणि सगळ्या धर्मांना लागू असलेलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम १४४ झालंय. वकील कधी एकशे पंचवीस म्हणतील, कधी एकशे चव्वेचाळीस, गोंधळून जाऊ नका. इंदूरच्या शाहबानोंचं १९८५ चं प्रकरण याच कलमाखालचं. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही या कलमाखाली मागता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

या कलमात एकेकाळी महिन्याला जास्तीत जास्त पाचशे रुपयांची मर्यादा होती. ती २००१ मध्ये निघाली. आता कायद्यात कमाल आकडा नाही. पण किमान आकडाही नाही, आणि सूत्रही नाही. इथेच सगळी गोम आहे.

परदेशात नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. अमेरिकेत टेक्सास राज्यात मुलांच्या खर्चाचा तक्ता ठरलेला आहे. एका मुलासाठी देणाऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाचे २० टक्के, दोन मुलांसाठी २५ टक्के, ठरावीक उत्पन्नमर्यादेपर्यंत. आपल्याकडे असा तक्ता नाही. न्यायाधीश दोन्ही बाजूंचे कागद बघतात आणि आकडा ठरवतात. त्यामुळे तुमचे कागद जितके पक्के, तितका आकडा खरा.

लोक मला हमखास विचारतात, "ताई, पंचवीस टक्के मिळतात ना?" हा पंचवीस टक्क्यांचा आकडा आला कुठून, ते सांगते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पश्चिम बंगालमधलं एक प्रकरण होतं, कल्याण डे चौधरी यांचं. पतीचा हातात येणारा पगार ९५,५२७ रुपये. उच्च न्यायालयाने महिना २३ हजार ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही रक्कम न्याय्य म्हणता येईल. तेवढंच वाक्य सगळीकडे पसरलं. पण त्याच निकालात पुढे रक्कम कमी करून २० हजार केली, कारण पतीने पुन्हा लग्न केलं होतं आणि त्याच्यावर नव्या कुटुंबाचाही भार होता. २० हजार म्हणजे त्या पगाराच्या साधारण २१ टक्के. ज्या निकालावरून पंचवीस टक्क्यांचा नियम सांगतात, त्या निकालातच पंचवीस टक्के दिलेले नाहीत. तो आकडा अंदाज घ्यायला चांगला. हक्क म्हणून तो धरून बसू नका.

दुसरी पद्धत आमच्या शेजारची, यमुनेपलीकडची. दिल्ली उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अनुरिता व्होरा प्रकरणात एक सोपा विचार मांडला. कुटुंबाचं उत्पन्न म्हणजे एक केक समजा. घरातल्या प्रत्येक माणसाला एक तुकडा. जो कमावतो त्याला दोन, कारण कमावायला जाण्याचाही खर्च असतो. दिल्लीत ही पद्धत बरीच वापरतात. मात्र नोएडा दिल्लीला कितीही चिकटून असलं तरी आमचं उच्च न्यायालय अलाहाबादचं. दिल्लीच्या निकालाचा आधार इथे देता येतो, पण तो इथल्या न्यायालयावर बंधनकारक नाही. तीच गोष्ट नागपूरची, पुण्याची, बेळगावची. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र सगळीकडे लागू.

ही केकची पद्धत खऱ्या आकड्यांवर बघू. आमच्या सोसायटीत सांगलीचा एक मुलगा आहे. मुलगा म्हणजे चाळिशीचा, इंजिनियर. त्याचंही प्रकरण चालू होतं. एका रविवारी आला, चेहरा उतरलेला.

"ताई, निम्मा पगार जाणार म्हणतात. मी नोकरीच सोडतो."

मी म्हटलं, "आधी चहा घे. मग पगाराची स्लिप दाखव."

हातात येत होते १ लाख २० हजार. घराचा हप्ता ५५ हजार. बायको नोकरी करत नव्हती, एक मुलगा, आणि सांगलीला आई, तीही याच्यावरच अवलंबून. त्याचा हिशेब असा: १ लाख २० मधून हप्ता गेला, राहिले ६५ हजार. त्याचे पाच वाटे. दोन त्याचे, एक बायकोचा, एक मुलाचा, एक आईचा. वाटा १३ हजारांचा. म्हणजे बायको आणि मुलगा मिळून २६ हजार.

मी सांगितलं, "हप्ता असा सरसकट वजा होत नाही." प्राप्तिकर आणि सक्तीचा भविष्यनिर्वाह निधी वजा होतो. स्वतःच्या मर्जीने घेतलेली कर्जं, गुंतवणुकी, विम्याचे हप्ते न्यायालयं सहसा वजा धरत नाहीत. नाहीतर प्रत्येक जण मोठं कर्ज काढून मोकळा होईल. ज्या घराचा हप्ता आहे त्याच घरात बायको-मूल राहत असतील तर गोष्ट वेगळी, ते जरूर मांडावं. त्याच्या बाबतीत तसं नव्हतं. मग पूर्ण १ लाख २० हजारांचे पाच वाटे, वाटा २४ हजार, दोघांचे ४८ हजार. आणि आई त्याच्यावर अवलंबून आहे हे सांगायला तो विसरला असता तर वाटे झाले असते चार, प्रत्येकी ३० हजार, दोघांचे ६० हजार.

बघा, माणूस तोच, पगार तोच. २६, ४८ आणि ६० हजार. काय धरलं आणि काय सांगायचं राहिलं, एवढाच फरक.

नोकरी सोडायचा विचारही त्याने सोडला. धडधाकट माणसाने काम नाही म्हणून हात वर करायचे, हे न्यायालयं मानत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग प्रकरणात सांगितलंय की अंगात ताकद असलेल्या पतीने अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना सांभाळलं पाहिजे.

आणि हो, पोटगी फक्त बायकोच मागू शकते असं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २४ आणि २५ कलमांत पती किंवा पत्नी, दोघांनाही मागता येतं. नांदेडच्या न्यायालयाने एका शिक्षिकेला घटस्फोटित पतीला महिना तीन हजार रुपये अंतरिम पोटगी द्यायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला. ज्याच्याकडे आहे त्याने द्यायचं, ज्याच्याकडे नाही त्याला मिळायचं, असा त्यातला विचार.

आता येते नागपूरच्या एका प्रकरणाकडे. आज देशभरात पोटगीचा आकडा ज्या पद्धतीने ठरतो, ती पद्धत या आपल्या नागपूरच्या प्रकरणातून आलीय, हे फार लोकांना माहीत नसतं. 'रजनेश विरुद्ध नेहा' हे त्याचं नाव. २०१३ च्या जानेवारीत, बाळ जन्मल्यावर थोड्याच दिवसांत पत्नी सासरहून निघाली. सप्टेंबर २०१३ मध्ये अंतरिम पोटगीचा अर्ज केला. ऑगस्ट २०१५ मध्ये नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला महिना १५ हजार, मुलाला आधी ५ आणि सप्टेंबर २०१५ पासून १० हजार ठरवले. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तिथे २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. मग सर्वोच्च न्यायालय. निकाल आला ४ नोव्हेंबर २०२० ला. तान्हं बाळ तोवर सात वर्षांचं झालं होतं. आणि हा वाद नुसत्या अंतरिम पोटगीचा होता.

न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी तेव्हा सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. त्यातले चार लक्षात ठेवा.

पहिला. दोन्ही बाजूंनी आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचं शपथपत्र द्यायचं. त्याचा नमुना निकालालाच जोडलेला आहे. समोरच्याने चार आठवड्यांत आपलं शपथपत्र द्यायचं. दिल्लीत उच्च न्यायालयाने असं शपथपत्र आधीच सुरू केलं होतं, या निकालाने ते देशभर झालं.

दुसरा. पोटगी अर्ज केला त्या तारखेपासून द्यायची, आदेश झाला त्या तारखेपासून नव्हे. म्हणून अर्जाला उशीर करू नका. तुमचं मीटर अर्जाच्या दिवशी सुरू होतं.

तिसरा. एकापेक्षा जास्त कायद्यांखाली अर्ज केले असतील तर ते लपवायचे नाहीत. आधी मिळालेली रक्कम नंतरच्यात धरली जाते. दोनदा मिळत नाही.

चौथा. अंतरिम अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. प्रत्यक्षात कधी कधी जास्त लागतात. पण तुमचं शपथपत्र वेळेत आणि पूर्ण असेल तर उशिराचं एक कारण तरी कमी होतं.

ते शपथपत्राचं कोरं पान माझ्यासमोर आलं २०२१ च्या एप्रिलमध्ये. मुलगी सहावीत गेली होती, फी वाढली होती, म्हणून परिस्थिती बदलल्याचा नवा अर्ज केला. या वेळी मी माझ्या ऑफिसात जसं काम करते तसं केलं. बँकेचं स्टेटमेंट काढलं, शाळेच्या पावत्या काढल्या, फोनवरचे ऑनलाइन पैशांचे व्यवहार उतरवले, आणि रात्री मुलगी झोपल्यावर वही घेऊन बसले.

शाळेची फी दर तीन महिन्यांनी २७ हजार, म्हणजे महिन्याला ९ हजार. व्हॅनचे २,२००. वह्या-पुस्तकं, गणवेश वर्षाचे १८ हजार, महिन्याला दीड हजार. शिकवणी ३ हजार. खाणंपिणं ६ हजार. डॉक्टर-औषधं सरासरी एक हजार. मी ऑफिसातून येईपर्यंत तिला सांभाळणाऱ्या मावशींचे साडेचार हजार. घरभाडं १८ हजार, राहणाऱ्या आम्ही दोघी, तिचा वाटा ९ हजार. कपडे-चपला एक हजार. सुट्टीत अकोल्याला जाण्याचा तिचा खर्च वर्षाला १२ हजार, महिन्याला एक हजार.

बेरीज झाली ३८,२०० रुपये.

मी दोनदा बेरीज केली. दोन वर्षांपूर्वी याच मुलीसाठी मी पंधरा हजार सांगून आले होते. तेव्हा फी थोडी कमी होती, मान्य. पण बाकी सगळं तेच होतं. वर्षातून एकदा आणि तीन महिन्यांतून एकदा होणारे खर्च माझ्या डोक्यातच नव्हते. घरभाड्यात तिचा वाटा असतो, हेही सुचलं नव्हतं.

मी कमावती आहे, म्हणून सगळा भार त्यांच्यावर टाकायचा नव्हता, टाकताही आला नसता. दोघं कमावत असतील तर मुलाचा खर्च दोघांनी उत्पन्नाच्या प्रमाणात उचलायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये पद्मजा शर्मा प्रकरणात हेच केलं. आईपेक्षा वडिलांचा पगार साधारण दुप्पट होता, तर वाटाही दोनास एक. आमच्या बाबतीत माझे ३८ हजार, त्यांचे १ लाख १४ हजार. तीनास एक. ३८,२०० चे तीन चतुर्थांश म्हणजे २८,६५०. मी तेवढे मागितले आणि मागे पावत्या जोडल्या. न्यायालयाने एक-दोन खर्च कमी धरले आणि मुलीसाठी महिना २५ हजार ठरवले, एप्रिल २०२१ च्या अर्जाच्या तारखेपासून.

दहा हजार आणि पंचवीस हजार. फरक महिन्याला पंधरा हजारांचा. फेब्रुवारी २०१९ ते एप्रिल २०२१, सव्वीस महिने. तीन लाख नव्वद हजार. यात न्यायालयाची चूक नव्हती. समोरच्यांनी काही लपवलं म्हणूनही नाही. मी हिशेब मांडलाच नव्हता, आणि न मांडलेला हिशेब कोणी वाचू शकत नाही.

दादाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "एवढा खर्च होत होता? मग तू भागवत कशी होतीस?" मी म्हटलं, "तुझ्याकडून घेत होते, बाबांकडून घेत होते, आणि पीएफमधून काढत होते." त्यानंतर तो 'कशाला मागतेस' कधी म्हणाला नाही.

आता एकरकमी पोटगीबद्दल. परस्परसंमतीने घटस्फोट घेताना बरेच जण हा मार्ग धरतात. एकदाच घ्या आणि सुटा. नवऱ्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश मिळतो, एक पंचमांश मिळतो, असं कानावर येईल. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०२४ ला प्रवीणकुमार जैन प्रकरणात बघायच्या आठ गोष्टी एकत्र मांडल्या. दोघांची सामाजिक-आर्थिक स्थिती, पत्नी आणि मुलांच्या वाजवी गरजा, शिक्षण आणि नोकरी, स्वतंत्र उत्पन्न-मालमत्ता, सासरी असतानाचं राहणीमान, घरासाठी सोडलेली नोकरी, खटल्याचा खर्च, आणि पतीची ऐपत व जबाबदाऱ्या. तिथे पत्नीला पाच कोटी आणि मुलासाठी वेगळे एक कोटी ठरले. त्याच महिन्यात पुण्याशी संबंधित एका प्रकरणात पत्नीला बारा कोटी दिले, पण तिथे न्यायालयाने हेही सांगितलं की पतीची संपत्ती पुढे कितीही वाढली तरी तिच्याशी बरोबरी करून मागणं म्हणजे पोटगी नव्हे. कोटींचे आकडे ऐकून दचकू नका. ते त्या घरांचे आकडे. निकष मात्र तुमच्या-आमच्या घरालाही तेच.

एकरकमी घेताना एक साधं गणित करा. समजा २५ लाख देऊ केले. सहा टक्के व्याजाने बँकेत ठेवले तर वर्षाला दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार, तेही करापूर्वी. तुमची गरज २५ हजारांची असेल तर मुद्दल मोडावं लागणार. किती वर्षं पुरेल, ते सही करायच्या आधी कागदावर बघा. दर महिन्याची रक्कम घेत असाल तर महागाई बघा. सहा टक्क्यांनी महागाई वाढली तर बारा वर्षांत आजच्या दहा हजारांची किंमत पाच हजार होते. म्हणून दर काही वर्षांनी वाढ लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयानेच मे २०२५ मध्ये एका प्रकरणात महिना ५० हजार आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा आदेश दिलाय.

मुलांबद्दल दोन गोष्टी वेगळ्या सांगते. आईने पुन्हा लग्न केलं तर पत्नी म्हणून मिळणारी पोटगी थांबते, मुलाची थांबत नाही. आणि समझोत्यात आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलाचा हक्क सोडायचा अधिकार तिला नाही. तो मुलाचा आहे. 'मला काही नको, फक्त सुटका करा' असं म्हणत सही करणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. थकवा मी समजू शकते, मीही थकले होते. पण त्या सहीच्या पलीकडे एक शाळेत जाणारं मूल असतं.

पैसे ठरले आणि आलेच नाहीत तर? वसुलीचा अर्ज करता येतो. वॉरंट निघतं, तरीही दिले नाहीत तर तुरुंगवासही होऊ शकतो. पण कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. 'देईल, देईल' म्हणत दोन-तीन वर्षं थांबू नका.

माहेरी परतलेल्यांसाठीही सांगते. नवरा नोएडात आणि तुम्ही लातूरला असाल, तर पोटगीसाठी नोएडाला खेटे घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथे अर्ज करता येतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन आहे १५१००.

शपथपत्र खरं भरा, दोघांनीही. नोकरी असून 'नाही' लिहायचं, भाडं येत असून लपवायचं, हे बँकेच्या कागदांत उघडं पडतं. एकदा खोटं सापडलं की तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही, आणि खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई होते ती वेगळीच. सांगलीच्या त्या मुलाने शेवटी सगळं खरं भरलं. हप्ताही दाखवला, आईची औषधंही दाखवली. ४२ हजारांवर ठरलं. मला म्हणाला, "ताई, जास्तच आहेत. पण कुठून आले ते कळलं, त्यामुळे झोप लागते." घेणाऱ्या बाईला आकडा कळायला हवा, तसाच देणाऱ्या माणसालाही कळायला हवा. नाहीतर एकाला वाटतं लुटलं, दुसऱ्याला वाटतं फसवलं, आणि मूल दोघांच्या मध्ये.

माझी मुलगी आता मोठी झालीय. मध्ये कपाट आवरताना तिला ती २०२१ ची वही सापडली. वाचून म्हणाली, "आई, मावशींचे पैसे पण माझ्या खर्चात?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच येत होत्या ना त्या?" ती थोडा वेळ पानं उलटत बसली आणि म्हणाली, "माझा चष्मा लिहायचा राहिलाय."

खरंच राहिला होता.

म्हणून एवढंच सांगते. तुमचा खटला चालू असेल, व्हायचा असेल, किंवा तुमच्या बहिणीचा, मैत्रिणीचा, भावाचा असेल, तर आज रात्री एक वही काढा. वर्षाचे खर्च बाराने भागा, तीन महिन्यांचे तीनने. पावत्या एका पाकिटात ठेवा. घरभाड्यातला मुलाचा वाटा लिहा. चष्मा लिहा. वकिलाकडे जाल तेव्हा ती वही घेऊन जा. त्यांनी खर्च विचारला की अंदाज सांगू नका, वही पुढे करा.

यात लाजण्यासारखं काही नाही. मुलाला दोन आईवडील असतात, हिशेबातही दोघं असायला हवेत.